मिसरमधून निघालेली गोष्ट कलकत्त्यात पोचते तेव्हा...

गुलामगिरीतून सुटलेल्या एका समाजाची कहाणी हजारो वर्षं, दरवर्षी एका ठरावीक रात्री, घराघरांत लहान मुलांना सांगितली जाते. बगदादहून आलेल्या ज्यूंनी ही कहाणी हुगळीच्या काठी आणली. दीडशे वर्षं ती तिथं रंगली. आज कोलकात्यात ज्यू उरले आहेत तीसहूनही कमी. कुणी छळलं नाही, कुणी हाकललं नाही, तरीही हा समाज निघून का गेला? आणि मागे राहिलेल्या वास्तूंची राखण करतंय तरी कोण?

हावडा पूल ओलांडून ब्रेबोर्न रोडला लागलं, की गर्दी कशाला म्हणतात ते कळतं. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, फुटपाथवर मांडलेली खेळणी, प्लॅस्टिकची फुलं आणि अखंड चाललेली घासाघीस. या गजबजाटात मान वर केली, की लाल विटांचा एक उंच मनोरा दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, चर्च असणार. पण हे आहे मागेन डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर. ईलायस डेव्हिड एझरा यांनी आपले वडील डेव्हिड जोसेफ एझरा यांच्या स्मरणार्थ १८८४ साली ते बांधलं.

पुण्याच्या कॅम्पातलं 'लाल देऊळ' ज्यांनी पाहिलं असेल त्यांना इथं ओळखीची खूण पटेल. तीच लाल वीट, तसाच चर्चसारखा मनोरा. पटायलाच हवी! पुण्याचं लाल देऊळ बांधणारे ससून आणि कोलकात्याचे एझरा, दोन्ही घराणी मूळची बगदादची. ससून रुग्णालय, ससून डॉक ही नावं आपल्या जशी रोजच्या तोंडातली, तशीच कोलकात्यात एझरा स्ट्रीट, एझरा मॅन्शन्स.

सिनेगॉगच्या आत मात्र बाहेरचा गोंगाट विरून जातो. संगमरवरी फरशी, उंच खांब, रंगीत काचा, स्त्रियांना बसण्यासाठी वरचे सज्जे. बाकं पुसलेली असतात, झुंबरं जागच्या जागी असतात. नसतात ती फक्त माणसं. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. ही दहाची संख्या कोलकात्यात जमेनाशी झाली, त्यालाही बरीच वर्षं लोटली.

दहा माणसं जमत नाहीत म्हणजे नेमकं काय हरवतं? हे समजून घ्यायचं तर ज्यू समाजाला आजवर बांधून ठेवणारी गोष्ट आधी ऐकायला हवी.

टोपलीतलं बाळ आणि दुभंगलेला समुद्र

बायबलच्या मराठी भाषांतरात या भागाला 'निर्गम' असं नाव आहे. निर्गम म्हणजे बाहेर पडणं. दुष्काळाच्या दिवसांत याकोबाचं कुटुंब धान्यासाठी मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये गेलं आणि तिथंच रुजलं. वंश वाढला. पुढे नवा फारो गादीवर आला. या परक्यांची वाढती संख्या त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. त्यानं इस्राएली लोकांना वेठीला धरलं, विटा पाडायला लावलं. त्यांच्या घरी जन्मलेला प्रत्येक मुलगा नाईल नदीत टाकण्याचा हुकूम काढला.

एका आईनं आपलं तान्हं बाळ लव्हाळ्यांच्या टोपलीत घालून नदीकाठी सोडलं. ते सापडलं नेमकं फारोच्या मुलीला! तिनं त्याला वाढवलं. तोच मोशे. कंसाच्या राज्यात जन्मलेल्या आणि टोपलीतून यमुनापार गेलेल्या बाळाची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटणार नाही.

मोशे मोठा झाला आणि फारोसमोर उभा राहून म्हणाला, माझ्या लोकांना जाऊ दे. फारो ऐकेना. मग मिसरवर एकामागून एक दहा पीडा आल्या. नदीचं रक्त झालं, बेडकांनी घरं भरली, टोळधाड आली, काळोख पसरला. शेवटच्या पीडेत मिसरमधल्या घरोघरचा थोरला मुलगा दगावला. मृत्यू इस्राएलींची घरं मात्र ओलांडून गेला. म्हणूनच या सणाचं इंग्रजी नाव पासोव्हर. हिब्रूत 'पेसाह' आणि मराठी बायबलमध्ये 'वल्हांडण'.

फारोनं त्यांना रातोरात निघून जायला सांगितलं. घाई एवढी, की भाकरीसाठी मळलेलं पीठ फुगायलाही सवड मिळाली नाही. पुढे समुद्र, मागे फारोचे रथ. समुद्र दुभंगला, लोक पार झाले. मग चाळीस वर्षं वाळवंटातली भटकंती.

हे सगळं प्रत्यक्षात असंच घडलं का? इतिहासकारांचं यावर एकमत नाही. मिसरच्या कोणत्याही लेखात या निर्गमाची नोंद सापडलेली नाही. 'इस्राएल' नावाच्या लोकांचा सर्वांत जुना निश्चित मानला जाणारा उल्लेख फारो मर्नेप्ताहच्या शिलालेखात आहे. तो इ. स. पूर्व तेराव्या शतकाच्या अखेरचा, आणि तोही कनान प्रदेशातल्या लोकांविषयीचा. पण या गोष्टीची ताकद पुराव्यात नाही, सांगण्यात आहे. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक माणसानं आपण स्वतःच मिसरमधून सुटून आलो असं मानायचं आणि मुलांना तसं सांगायचं, असा या समाजाचा दंडक आहे.

बगदाद ते हुगळी

कोलकात्यातल्या ज्यू वस्तीचा पहिला माणूस म्हणून शालोम कोहेन यांचं नाव घेतलं जातं. सीरियातल्या अलेप्पोचा हा जवाहिऱ्या आधी सुरतेला आला आणि १७९८ साली कलकत्त्यात पोचला. त्याच्या मागोमाग बगदाद, बसरा, अलेप्पोहून आणखी कुटुंबं आली. काही व्यापाराच्या ओढीनं, तर काही बगदादचा गव्हर्नर दाऊद पाशा याच्या जाचाला कंटाळून. मुंबईच्या ससून घराण्यानं बगदाद सोडलं तेही याच दाऊद पाशामुळे. त्यांच्यापुरता तो नवा फारोच!

कलकत्ता तेव्हा इंग्रजांची राजधानी. नीळ, रेशीम, जवाहीर आणि हो, अफूसुद्धा! चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात बगदादी ज्यूंचा मोठा हात होता, हे लपवण्याचं कारण नाही. त्या पैशातून पुढे जमिनी आणि इमारती उभ्या राहिल्या. नेवे शालोम, १८५६ चं बेथ एल आणि मागेन डेव्हिड अशी सिनेगॉग झाली. १८८१ मध्ये ज्यू मुलींची शाळा निघाली. हिब्रू अक्षरांत अरबी भाषा छापणारे छापखाने निघाले, वर्तमानपत्रं निघाली.

या समाजानं देशाला काही लखलखती माणसंही दिली. १९४७ ची पहिली मिस इंडिया एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, म्हणजे हिंदी चित्रपटातली प्रमिला, कलकत्त्याची. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांचा जन्मही इथलाच. १९७१ च्या युद्धात ते फोर्ट विल्यममध्ये पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. त्या वर्षी १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या पाकिस्तानी शरणागतीची बोलणी त्यांनीच केली. पुढे ते गोव्याचे आणि पंजाबचे राज्यपाल झाले. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

दारावरची थाप

वर्षातला मोठा सण पेसाह. मार्च-एप्रिलमध्ये, पौर्णिमेच्या रात्री तो सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. या काळात घरात खमिराचा कणही चालत नाही. म्हणून आधी झाडलोट. कोपरा न् कोपरा पुसायचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची, पेसाहची वेगळी भांडी काढायची. बगदादी ज्यूंना या दिवसांत भात चालतो, पण तांदूळ दाणा दाणा पाहून निवडायचा. त्यात गव्हाचा एक दाणा निघाला तरी पंचाईत!

ब्रेडच्या जागी मात्सा. नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून झालीच पाहिजे. गुलामगिरीतून पळताना पीठ फुगायला वेळ नव्हता, ती घाई अशी घड्याळाच्या काट्यावर जपलेली.

रात्री कुटुंब ताटाभोवती बसतं. याला 'सेदेर' म्हणतात. ताटात कडू पाला असतो, तो गुलामीच्या कडवटपणाचा. हाड असतं, ते त्या रात्रीच्या बळीचं. अंडं असतं. आणि असतो 'हालेक', म्हणजे खजुराचा दाट पाक, त्यात कुटलेले अक्रोड. मिसरमध्ये विटा रचायला वापरलेल्या चिखलाची ही आठवण. चिखल, पण गोड!

दहा पीडांची नावं घेताना द्राक्षारस थोडा थोडा सांडतात. दुसऱ्याच्या दुःखातून आपली सुटका झाली असेल, तर आपला पेला पूर्ण भरलेला नसावा, असा त्यामागचा अर्थ सांगितला जातो.

बगदादी घरांतला सगळ्यात गमतीचा भाग मुलांचा. एखादा मुलगा कापडात बांधलेली मात्सा खांद्यावर टाकून बाहेर जातो आणि दारावर थाप मारतो. आतली मंडळी विचारतात, कुठून आलास? तो म्हणतो, मिसरहून. कुठं निघालास? जेरुसलेमला. वाटेत खायला काय घेतलंस? तो खांद्यावरचं गाठोडं दाखवतो. मग आत येऊन प्रश्न विचारतो, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? त्याच्या प्रश्नानं गोष्ट सुरू होते.

म्हणजे ही गोष्ट आजोबा आपणहून सांगत नाहीत. ती विचारणारं मूल लागतं. कोलकात्यात आज मागे राहिलेले बहुतेक जण वृद्ध आहेत. त्यांची मुलं-नातवंडं लंडनला, इस्राएलला, ऑस्ट्रेलियाला. दहा पुरुषांची जशी वानवा, तशीच प्रश्न विचारणाऱ्या मुलाचीही.

कोकणातला अनाशी ढाक

हीच गोष्ट महाराष्ट्रात फार आधीपासून नांदते आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शतकानुशतकं इतर ज्यूंपासून दूर राहिल्यानं हिब्रू पोथ्या हरवल्या, सणांची मूळ नावंही विसरली गेली. पण सण राहिले! पेसाहला ते 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवण ठेवायचं मातीचं भांडं. या दिवसांत ते झाकून ठेवायचं. कारण विसरलं तरी हात विसरले नव्हते.

पुढे १९व्या शतकात मिसरची गोष्ट त्यांच्यासाठी मराठीत आली. सेदेरच्या रात्री वाचायच्या पोथीला 'हग्गादा' म्हणतात. १८७४ साली पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा आज जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका आहेत, त्याही चक्क साडी नेसलेल्या!

पण याच काळातली एक बोचरी गोष्टही सांगायला हवी. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी या मराठी ज्यूंना बरोबरीचं मानलं नाही. त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. मुंबईत तर दफनभूमीतही आपल्यासाठी वेगळी भिंत घालून मागितली. जी मंडळी दरवर्षी गुलामगिरीची आठवण जागवतात, त्यांनाही आपल्याच भावंडांना दूर ठेवण्याचा मोह आवरला नाही. इस्राएलमध्येसुद्धा बेने इस्राएलांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळायला १९६४ साल उजाडावं लागलं. गोष्ट पाठ असणं वेगळं आणि अंगी बाणणं वेगळं, हेच खरं.

फारो नव्हता, तरी निघाले

कलकत्त्याच्या ज्यूंनी खरोखरचा निर्गम पाहिला तो १९४२ मध्ये. जपानी बॉम्ब पडू लागल्यावर ब्रह्मदेशातून लाखो भारतीय जंगलं आणि डोंगर तुडवत पायी निघाले. रंगूनचे ज्यूही जहाजानं, विमानानं, पायी, जमेल तसे कलकत्त्याला आले. युरोपातून हिटलरच्या तावडीतून सुटलेले काही जणही इथं पोचले. या निर्वासितांमुळे कलकत्त्यातला ज्यू समाज तेव्हा साधारण चार ते पाच हजारांवर गेला. तोच त्याचा कळस.

आणि मग ओहोटी लागली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये शहरात भीषण दंगल उसळली. रोख ज्यूंवर नव्हता, पण धास्ती सगळ्यांनाच बसली. १९४७ मध्ये फाळणी झाली, पूर्व बंगालमधले निर्वासित सियालदा स्टेशनच्या फलाटांवर संसार मांडून बसले. इंग्रज गेले. ज्यू समाजाचा वरचा थर इंग्रजांच्या जवळचा, इंग्रजीत शिकलेला. नव्या भारतात आपलं काय होणार, या काळजीनं त्याला घेरलं. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झालं. आयात-निर्यातीवरच्या बंधनांनी जुना व्यापार आटला. एक घर गेलं, की त्याच्यामागे दुसरं. पुरेशी कुटुंबं उरली नाहीत, तेव्हा मुलांची लग्नं जमेनात. मग राहिलेलेही निघाले.

त्यांच्या मूळ गावी, बगदादमध्ये, काय झालं ते पाहिलं तर फरक कळतो. तिथं १९४१ च्या जूनमध्ये ज्यूंची कत्तल झाली आणि १९५०-५१ मध्ये सुमारे १ लाख २० हजार ज्यूंना इराक सोडून इस्राएलला जावं लागलं. मालमत्ता मागेच राहिली. कलकत्त्यात असं काही घडलं नाही. इथं कुणी घरांवर खुणा केल्या नाहीत, कुणी रथ मागे लावले नाहीत. या समाजाच्या लांबलचक प्रवासात छळाविना सोडलेली गावं फार थोडी. कलकत्ता त्यांपैकी एक.

किल्ल्या कुणाकडे?

मागे काय राहिलं? न्यू मार्केटमधली नाहूम बेकरी राहिली. बगदादी ज्यू नाहूम इस्रायल मॉर्डेकाय यांनी १९०२ मध्ये सुरू केलेला हा धंदा. नाताळात तिथल्या प्लम केकसाठी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळे एका रांगेत उभे राहतात.

पार्क स्ट्रीटवरची ज्यू मुलींची शाळा राहिली. तिच्यात आज शिकणाऱ्या बहुसंख्य मुली मुस्लिम आहेत. गणवेशावर डेव्हिडचा तारा असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

नारकेलडांग्याची दफनभूमी राहिली. आणि सिनेगॉग राहिली. मागेन डेव्हिड आणि बेथ एल आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. डागडुजीनंतर २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोन्हींची दारं पुन्हा उघडली. त्यांची देखभाल पिढ्यान् पिढ्या करत आहेत मुस्लिम कुटुंबं, ओडिशातून आलेली. आत शिरणाऱ्या पाहुण्यानं डोकं झाकावं, याची आठवण हीच माणसं करून देतात. जगात इतरत्र ज्यू आणि मुस्लिम एकमेकांसमोर शस्त्रं घेऊन उभे असल्याच्या बातम्या येत असतात. कोलकात्यातल्या या किल्ल्यांचे जुडगे मात्र आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे शांतपणे जात राहिले.

यात नवल तरी का वाटावं? जुन्या कलकत्त्यातल्या ज्यू स्वयंपाकघरांत खानसामे बहुधा मुस्लिमच असत. डुकराचं मांस दोघांनाही वर्ज्य. पेसाहचा चोखपणा सांभाळताना मालकिणीइतकाच खानसामाही दक्ष असे. सबंध बटाटे तेलात मंद आचेवर कुरकुरीत तळलेला 'आलू मकाल्ला' हा या समाजाचा लाडका पदार्थ. त्याची चव जगभर पांगली ती या मुस्लिम आचाऱ्यांच्याच हातगुणानं.

कलकत्त्यात जन्मलेले रब्बी एझेकिएल मुसलिया यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. गंगेच्या काठचा ज्यूंचा 'मुक्काम', असं त्याच्या नावातच म्हटलं आहे. हा शब्द मोठा बोलका आहे. मुक्काम करणारा माणूस यजमान नसतो, पाहुणा असतो.

मिसरच्या गोष्टीतून ज्यू धर्मशास्त्रानं जो धडा काढला, तोही पाहुण्याविषयीचाच आहे. तुम्ही स्वतः एकदा परक्या देशात परके होता, तेव्हा तुमच्या दारी आलेल्या परक्याला छळू नका, असं ते पुन्हा पुन्हा बजावतं. हा धडा पाळणं किती अवघड, हे मुंबईच्या दफनभूमीतल्या भिंतीच्या मागणीनं दाखवलं. आणि तो पाळता येतो, हे कोलकात्यानं दाखवलं. या शहरानं ती पोथी वाचलेली नसेल. पण दोनशे वर्षं आलेल्या परक्याला त्यानं जागा दिली, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या देवघराचा केरही तेच काढतं आहे.